एकोणसाठ आणि सत्तरच्या मधोमध

वाकोल्याचा पिनकोड ४०००५५. जुन्या पाकिटांवर नुसते 'सांताक्रूझ पूर्व, मुंबई ५५' एवढेच असायचे. सहा आकडी पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी-नाटककार असा हा मराठी माणूस. पत्र चुकू नये म्हणून त्यांनी केलेली ही सोय. चाळीसेक वर्षांनी उपनगरातल्या पोरांनी तिच्यातले शेवटचे दोन आकडे उचलले आणि स्वतःच्या नावाला जोडले. पत्रे येईनाशी झाली होती, पण आकडे कामाला आले.

वाकोल्याच्या पुलावर उभे राहिले की हे आकडे जमिनीवर दिसतात. हायवेने उत्तरेला विमानतळ ओलांडून अंधेरीत शिरले की उजव्या हाताला चकाला, जे. बी. नगर. मुंबई ५९. पूर्वेला कलिना आणि विद्यापीठ मागे टाकून सीएसटी रोडने गेले की कुर्ला पश्चिम. मुंबई ७०. तिसऱ्या बाजूला या दोन वस्त्यांना अंधेरी-कुर्ला रस्ता जोडतो. या त्रिकोणाच्या पोटात विमानतळ आहे. त्रिकोणातल्या प्रत्येक गल्लीतून विमानाचे पोट दिसते, आणि त्या विमानात बसलेली माणसे गल्लीत फार थोडी.

एप्रिल २०१५ मध्ये ५९ मधला एक आणि ७० मधला एक अशा दोन तरुणांचे गाणे आले, 'मेरे गली में'. एकाचे नाव व्हिव्हियन फर्नांडिस, गाण्यातले नाव डिव्हाइन. दुसरा नावेद शेख, गाण्यातले नाव नेझी. सोनी म्युझिक इंडियाने ते प्रसिद्ध केले. मुंबईच्या बोलीतले रॅप हा धंदा होऊ शकतो, हे या गाण्याने सिद्ध केले. त्याआधीही मुंबईतून रॅपचे एक गाणे तुफान विकले गेले होते, पण त्या यशातून धंदा उभा राहिला नव्हता. तसे का झाले, हाच या लेखाचा विषय.

त्या आधीच्या गाण्याची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. ३ नोव्हेंबर १९९० रोजी व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरचे 'आइस आइस बेबी' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. रॅपचे गाणे त्या जागी जाण्याची ती पहिली वेळ. त्याची बेसची चाल स्वतःची नव्हती. ती क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या 'अंडर प्रेशर' मधून आली होती. तीच चाल १९९२ मध्ये मुंबईत उतरली. लखनऊचा, इंजिनिअरिंग शिकलेला बाबा सेहगल तेव्हा मॅग्नासाउंड कंपनीसाठी गात होता. 'दिलरुबा' आणि 'अलीबाबा' हे त्याचे दोन अल्बम येऊन गेले होते. तिसरा आला 'ठंडा ठंडा पानी'.

वेळ अचूक साधली गेली. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आशिया घराघरात येऊ लागले होते. केबलवाला गच्चीवरून वायर टाकत होता, आणि दूरदर्शनवर वाढलेल्या पोरांना टोपी उलटी घालून हिंदीत भराभर बोलणारा माणूस पहिल्यांदाच दिसत होता. साडेतीन महिन्यांत एक लाख कॅसेट खपल्या, असे त्या अल्बमबद्दल सांगितले जाते. सिनेमातले एकही गाणे नसलेल्या कॅसेटसाठी हा खप मोठा होता.

त्या गाण्याचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. हिंदीत रॅप बसते हे बाबा सेहगलने दाखवले, आणि लोकांनी पैसे मोजून ते ऐकले. पण त्यात पत्ता नव्हता. ते कुठल्या वस्तीतून आले, कोणत्या घरातले दुःख किंवा तोरा घेऊन आले, हे कळायला मार्ग नव्हता. चाल परकी, टोपी परकी, विषय गमतीचा. रॅप ही एक लकब म्हणून विकली गेली, आणि लकबीची नवलाई ओसरते. त्याच्या पाठोपाठ इंडिपॉपची लाट आली, दहाएक वर्षे चालली, आणि सिनेसंगीताने पुन्हा सगळी जागा घेतली. एक लाख कॅसेटांच्या मागे शंभर पोरे लिहायला बसली असे झाले नाही.

मधल्या काळात रॅप चोरपावलांनी उपनगरात शिरत होते. त्याचे वाहन होते एमपी-थ्रीची सीडी. एका सीडीत शंभरावर इंग्रजी गाणी बसायची, आणि ती हातोहात फिरायची. डिव्हाइनने अनेकदा सांगितले आहे की शाळेतल्या एका मित्राच्या टी-शर्टवर फिफ्टी सेंटचे चित्र होते. हा कोण म्हणून विचारले, तर मित्राने गाण्यांची सीडीच आणून दिली. तिथून सगळे सुरू झाले. ख्रिस्ती घरातला मुलगा, म्हणून आधी तो देवाबद्दल इंग्रजीत रॅप करायचा. 'डिव्हाइन' हे नाव त्यातूनच आले. नेझीच्या बाबतीत शॉन पॉलचे 'टेम्परेचर' कारणीभूत ठरले. कुर्ल्यातल्या या पोराने ते भरधाव इंग्रजी गाणे छाप पाडण्यासाठी पाठ केले आणि पाठ करता करता जीभ तयार झाली.

दोघांच्याही वाटेवर एकच वळण आले. परक्या भाषेत कितीही सफाईने बोलले तरी ऐकणारा गल्लीतला नाही, हे त्यांच्या लक्षात आले. डिव्हाइनने इंग्रजी सोडली आणि मुंबईची हिंदी धरली. २०१३ च्या 'ये मेरा बॉम्बे'ने त्याला ओळख मिळवून दिली. रोलिंग स्टोन इंडियाचा पुरस्कारही मिळाला. जानेवारी २०१४ मध्ये नेझीचे 'आफत' आले. ते कसे बनले हे जवळून पाहण्यासारखे आहे. वडिलांनी दिलेला आयपॅड हाच त्याचा स्टुडिओ. इंटरनेटवरून उतरवलेल्या ठेक्यावर त्याने त्याच आयपॅडवर आवाज मुद्रित केला, त्याच आयपॅडवर वस्तीत हिंडून चित्रीकरण केले आणि तिथूनच ते यूट्यूबवर चढवले. कंपनी नाही, दुकान नाही, वितरक नाही. बाबा सेहगलच्या काळात कॅसेट छापायलाही कंपनी लागायची. आता गल्लीतल्या पोराला जगापुढे यायला मधला माणूस लागेनासा झाला होता.

त्याच वर्षी दिशा रिंदानी यांनी नेझीवर एक लघुमाहितीपट केला. त्याचे नाव 'बॉम्बे ७०'. वेलणकरांचा आकडा असा पडद्यावर आला. त्या माहितीपटाला मुंबईच्या मामि महोत्सवात पुरस्कार मिळाला. पुढे डिव्हाइननेही आपला ५९ गाण्याच्या नावापर्यंत नेला. त्याच्या २०२० मधल्या एका गाण्याचे नावच '३:५९ एएम' आहे.

योगायोग असा की त्या माहितीपटाच्याच वर्षी या त्रिकोणाचे रस्तेही बदलले. एप्रिल २०१४ मध्ये सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता खुला झाला. अनेक वर्षे रखडलेला. वाकोल्याकडून कुर्ल्याला जायला त्याने नवी वाट दिली. ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, आणि चकाला-जे. बी. नगरला स्टेशन मिळाले. ज्या वस्त्या एकमेकींच्या इतक्या जवळ असूनही तासाभराच्या ट्रॅफिकने दूर होत्या, त्या जवळ आल्या. गाणे रस्त्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण उपनगराकडे स्वतंत्र शहर म्हणून बघण्याचे ते वर्ष होते. चर्चगेट आणि सीएसटीकडे तोंड करून जगणारे उपनगर आता आडवे, पूर्व-पश्चिम, आपापसांत जोडले जात होते.

आता ते गाणे. ठेका दिल्लीच्या सेझ ऑन द बीट या निर्मात्याचा. जड बेस, आणि त्यावर पोरांच्या घोळक्याने एकसाथ म्हणावे असे धृपद. डिव्हाइनचा आवाज भरड, शब्द मोजून टाकणारा. नेझी उलट, श्वास न घेता धावणारा. व्हिडिओत अरुंद गल्ल्या आणि त्यांत दाटलेली पोरे. परदेशी गाडी नाही, स्विमिंग पूल नाही. त्या काळात हिंदी-पंजाबी रॅप म्हणजे हनी सिंग, आणि हनी सिंगचे रॅप म्हणजे पार्टी. त्या बाजारात घराच्या दारात उभे राहून केलेले हे गाणे सर्वस्वी वेगळे होते.

त्याच्या नावातच एक गोष्ट दडलेली आहे. व्याकरणाच्या हिंदीत 'गली' स्त्रीलिंगी, म्हणून 'मेरी गली में' हवे. गाण्याचे नाव मात्र 'मेरे गली में'. लखनऊचा मास्तर तिथे लाल शाई मारील, पण मुंबईत कोणालाच ते खटकत नाही. मराठीत आपण 'माझ्या गल्लीत' म्हणतो, तसेच 'माझ्या घरात', 'माझ्या गावात'. विभक्ती लागली की 'माझ्या' सगळीकडे एकच. मुंबईच्या हिंदीने 'मेरे' तसाच सरसकट वापरला. माझ्या कानाला तरी या 'मेरे'मागे मराठीचाच 'माझ्या' ऐकू येतो. मराठी, कोकणी, गुजराती, दखनी अशा भाषा ज्या बोलीत मुरल्या, ती बोली या दोघांनी न सुधारता, न धुता गाण्यात आणली. डिव्हाइन ख्रिस्ती, नेझी मुसलमान, आणि ऐकणारा वाकोल्यातला मराठी किंवा भोजपुरी मुलगा. सगळ्यांची शाळेबाहेरची भाषा तीच होती.

वस्तीचा पत्ता गाण्यात घालणे आपल्याला नवे नाही. घाटकोपरच्या चिराग नगरातल्या झोपडीत राहणाऱ्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'मुंबईची लावणी' लिहिली. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव गायले होते, अण्णा भाऊंनी तिच्यातली माळ्यांवरची आणि गटारांवरची माणसे दाखवली. भुईवर उभे राहून शहराचे नाव घेण्याची ही रीत उपनगरात साठ-सत्तर वर्षांपूर्वीच रुजली होती. फरक एवढाच, की अण्णा भाऊ १९६९ मध्ये हलाखीत गेले. त्यांच्या गाण्यांनी सभा जिंकल्या, पण घर चालवले नाही. म्हणून २०१५ च्या या गाण्याकडे बघताना पैशाचा प्रश्न मला हलका वाटत नाही. गल्लीचे गाणे गल्लीतल्या माणसाच्या पोटाला लागले का, हा फार जुना प्रश्न आहे.

२०१५ मध्ये गाण्यातून पैसा कसा येई? कॅसेट संपली होती, सीडीही संपत आली होती. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळे, तोही मुद्रणाचे हक्क ज्याच्याकडे असतील त्याला. म्हणजे बहुतेक वेळा कंपनीला. गाणाऱ्याच्या हातात खरा पैसा पडायचा तो कार्यक्रमांतून. गाणे गाजले की कॉलेजचे फेस्टिव्हल, क्लब आणि पुढे जाहिराती. गाणे स्वतः विकले जात नसे. गाणाऱ्याची किंमत वाढवण्याचे काम ते करी.

कायद्याने मात्र तीन वर्षांपूर्वी एक दार उघडून ठेवले होते. मे २०१२ मध्ये संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला कायमचा लिहून देता येणार नाही, असे त्यातून ठरले. त्यासाठी राज्यसभेत सर्वांत जोरकस लढले जावेद अख्तर. रॅपमध्ये लिहिणारा आणि म्हणणारा बहुधा एकच असतो, त्यामुळे या दुरुस्तीचे मोल रॅपरला अधिक. आणि पुढचा भाग कादंबरीत शोभावा असा आहे. नेझीचे 'आफत' पाहून ज्या दिग्दर्शिकेला सिनेमा सुचला, ती जावेद अख्तरांची मुलगी झोया.

दरम्यान ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि मोबाइल डेटा कवडीमोल झाला. तोवर गाणे ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्यात जायचे. आता रिक्षावाला, डिलिव्हरीचा पोरगा, कलिन्याच्या फाटकाबाहेरचा विद्यार्थी सरळ यूट्यूबवर ते लावू लागला. गल्लीच्या गाण्याचा खरा श्रोता या काळात बाजारात आला. त्याआधी त्याच्याकडे कान होते, पण मोजता येईल असा 'व्ह्यू' नव्हता.

९ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तरचा 'गली बॉय' बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि १४ फेब्रुवारीला भारतात प्रदर्शित झाला. नायक मुराद डिव्हाइन आणि नेझीच्या आयुष्यांवरून सुचलेला, पण पत्ता बदललेला. सिनेमाने त्याला धारावीत ठेवले. अमेरिकन रॅपर नास हा सिनेमाचा कार्यकारी निर्माता. अल्बममध्ये १८ गाणी आणि पन्नासहून अधिक कलाकारांचा हातभार. 'मेरे गली में' त्यात पुन्हा आले. या वेळी डिव्हाइन आणि नेझीसोबत रणवीर सिंग गायला. चार वर्षे जुने गाणे, जे उपनगरातल्या पोरांना पाठ होते, ते एका आठवड्यात त्यांच्या आईबापांना कळले.

'अपना टाइम आएगा' त्याहून पुढे गेले. शब्द डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांचे, संगीत डिव्हाइन आणि डब शर्मा यांचे. ते टी-शर्टवर छापले गेले, निवडणुकीच्या प्रचारात वापरले गेले. सिनेमाने जगभरात दोनशे कोटी रुपयांहून अधिक गल्ला केला. भारताकडून ऑस्करसाठीही तोच पाठवला गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये गुवाहाटीच्या फिल्मफेअर सोहळ्यात त्याने १३ पुरस्कार घेऊन विक्रम केला. त्यांतला उत्कृष्ट गीतलेखनाचा पुरस्कार डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना मिळाला. शकील, साहिर, गुलजार यांच्या ओळीतला तो मान अंधेरीच्या गल्लीतल्या बोलीला मिळाला. मला या सगळ्या यशात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

धंद्याची गाडी मग भरधाव सुटली. सिनेमा आल्यानंतर बारा दिवसांनी, २६ फेब्रुवारी २०१९ रोजी, स्पॉटिफाय भारतात सुरू झाले. त्याच वर्षी डिव्हाइनने 'गली गँग' ही स्वतःची कंपनी काढली. ऑगस्टमध्ये नासच्या 'मास अपील' कंपनीची भारतीय शाखा युनिव्हर्सल म्युझिकबरोबर उभी राहिली, आणि तिने सर्वांत आधी करार केला तो डिव्हाइनशी. ऑक्टोबरमध्ये त्याचा 'कोहिनूर' आला. कॅसेटच्या जमान्यातला गायक कंपनीच्या दारात उभा राहायचा. अंधेरीच्या या पोराने दारावर स्वतःची पाटी लावली.

पण यशाचा हिशेब एका माणसावर संपवला तर तो खोटा ठरेल. 'गली बॉय'च्या अल्बममध्ये 'इंडिया ९१' नावाचे गाणे आहे. कर्नाटक संगीताचे तालवादक विवेक राजगोपालन आणि मुंबईतल्या अनेक रॅपरांनी मिळून ते केले. त्यात 'स्वदेसी' गटातली पोरे आहेत. हा गट मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत गातो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे 'हंड्रेड आरबीएच', त्यांतलाच. २०१९ मध्येच स्वदेसीने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केले. त्याच गटातला धर्मेश परमार, 'एमसी तोडफोड', गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या गाण्यांनी कोट्यवधी मिळवले नाहीत. पण मुंबईच्या गुजरातीला, गिरणगावातल्या चाळीतल्या गुजरातीला, त्याने जो आवाज दिला तो आधी कोणी दिला नव्हता. बाजारातला एक मोठा विजय अशा अनेक न विकल्या गेलेल्या गाण्यांच्या खांद्यावर उभा असतो.

आणि मराठी? २०१५ मध्ये प्रश्न होता की मराठी रॅप कोण विकत घेईल. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचे 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केले. नाचाच्या ठेक्यावर मराठी रॅप. त्या जगप्रसिद्ध कंपनीने घेतलेले ते पहिले मराठी गाणे. शब्द कळत नसलेले लोक परदेशातल्या मैदानांवर त्यावर नाचले. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा रॅपर एमसी स्टॅन तर फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंदी 'बिग बॉस'चा विजेता ठरला, तोही स्वतःच्या वस्तीची बोली न सोडता.

'ठंडा ठंडा पानी' आणि 'मेरे गली में' यांच्यात २३ वर्षांचे अंतर. पहिले विकले गेले कारण ते जगातल्या एका मोठ्या गाण्यासारखे होते. दुसरे विकले गेले कारण ते दुसऱ्या कुठल्याच गाण्यासारखे नव्हते. ते फक्त ५९ आणि ७० मध्येच होऊ शकत होते. पहिल्याने एका गायकाला स्टार केले. दुसऱ्याच्या मागे कंपन्या आल्या, सिनेमा आला, आणि चिराग नगरात जो पैसा कधी पोहोचला नाही त्याचा थोडा वाटा गल्लीत आला. माझे मत सरळ आहे. गाण्याला बाजारात टिकवले ते त्याच्या पत्त्याने.

मधल्या ५५ मधूनही असे गाणे कधीतरी येईल. दत्त मंदिर रोडवर, मिलिटरी कॅम्पच्या बाजूला, वाकोला नाल्याच्या काठी मोबाइलवर ठेका लावून ओळी जुळवणारी पोरे आजही दिसतात. त्यांतली काही मराठी घरांतली आहेत. त्यांना 'हे काय गाणे आहे' असे विचारण्याआधी एकदा पूर्ण ऐकून घ्या. त्यांची पहिली ओळ तुमच्या-माझ्या गल्लीबद्दल असेल, आणि तिचा पहिला श्रोता होण्याचा मान कुठल्याही कंपनीआधी आपला आहे.